व्हिसाच्या त्या फॉरवर्डमधल्या थापा

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘मुलं परदेशी शिकायला जाणार असतील तर जरूर वाचा, वकिलातीत नोकरीला असलेल्या माणसाने दिलेल्या टिपा’ अशी सुरुवात, शेवटी जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, काउंटरवरचा माणूस खूश तर व्हिसा पक्का. अर्जाच्या आधी नातेवाइकांकडून पंचवीस लाख खात्यात फिरवा, बॅलन्स सर्टिफिकेट घ्या आणि पैसे परत करा. मुंबईत नकार जास्त मिळतात, म्हणून चेन्नई-हैदराबाद धरा. आधी नकार मिळाला असेल तर तो लिहू नका. तिकीट आधीच काढून ठेवा. मुलाखतीला ‘शिकून परत येणार, देशसेवा करणार’ हे पाठ करून जा. आणि नकार आलाच तर जर्मनीला फुकट अपील असतं.

मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या फायली बघतो. हा मेसेज प्रिंट काढून, पिवळ्या मार्करने रेघा ओढून आणणारे पालक टेबलासमोर बसायला लागले, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधी मेसेजचं वय बघू. त्यात अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाची फी 160 डॉलर दिली आहे. ती जून 2023 मध्येच 185 झाली. कॅनडासाठी ‘एसडीएसमधून (विद्यार्थ्यांच्या अर्जांची जलद वाट) लवकर काम होतं’ असंही एक वाक्य आहे. ती सोय 8 नोव्हेंबर 2024 ला बंद झाली. वकिलातीतला हा माणूस बराच काळ रजेवर असावा.

काउंटरवरचा माणूस

व्हीएफएस ही खासगी कंपनी आहे. 2001 मध्ये ती मुंबईतच सुरू झाली, तीही अमेरिकी वकिलातीच्या कामावर. कागद घेणं, फी भरून घेणं, बोटांचे ठसे आणि फोटो घेणं, पासपोर्ट परत पोचवणं, एवढंच तिच्याकडे. फाइल वाचून हो-नाही ठरवणारा अधिकारी त्या देशाच्या सरकारचा असतो, आणि तो त्या काउंटरवर बसत नाही. तिथे जादा पैसे भरून लाउंज मिळतो. त्यातली खुर्ची मऊ असते, गर्दी कमी असते, इतकाच त्याचा उपयोग.

मुलाखतीच्या तारखा ‘आतून’ काढून देणाऱ्या एजंटांचंही तेच. मार्च 2025 मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने बॉट (आपोआप तारखा पकडणारे प्रोग्रॅम) वापरून अडवलेल्या सुमारे 2000 अपॉइंटमेंट एका झटक्यात रद्द केल्या. त्यासाठी एजंटला मोजलेले पैसे कुणी परत केले असतील, असं वाटत नाही.

पंचवीस लाख फिरवणं

मेसेजमधला सगळ्यांत महागात पडणारा सल्ला हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

असं एक स्टेटमेंट डोळ्यांसमोर आणा. वडिलांचं बचत खातं. एक तारखेला 62 हजार पगार, पाच तारखेला घराचा हप्ता, मग सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल, किराणा. महिनाअखेर शिल्लक चाळीस हजारांच्या आसपास. पाच महिने हेच. सहाव्या महिन्यात एका मंगळवारी तीन रकमा जमा: नऊ लाख, आठ लाख, आठ लाख. बुधवारी त्याच खात्यातून बॅलन्स सर्टिफिकेटचे शंभर-दीडशे रुपये कापलेले. ती छोटी ओळच सगळं सांगून टाकते. ती मला दिसते, तर रोज ढिगाने अशी स्टेटमेंट वाचणाऱ्याला दिसणार नाही होय?

शिवाय प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा आहे आणि फिरवाफिरवी त्यातल्या एकातही बसत नाही.

जर्मनीला बहुतेक मुलं ब्लॉक्ड अकाउंट दाखवतात. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाचे 11,904 युरो लागतात. खातं विद्यार्थ्याच्या नावावर, आणि तिथे पोचल्यावर महिन्याला 992 युरोच सुटतात. म्हणजे मामाने दिलेले पैसे पुढच्या आठवड्यात परत करायचे तर ते जर्मनीत अडकलेले. व्हिसाही हवा आणि पैसेही हवेत, हे तिथे जमत नाही.

ब्रिटनचा नियम 28 दिवसांचा. आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी, एक दिवसही खाली उतरलेली चालत नाही, आणि तो काळ अर्जाच्या तारखेआधी 31 दिवसांच्या आत संपलेला हवा. खातंही विद्यार्थ्याचं स्वतःचं किंवा आईवडिलांचं पाहिजे. मामाच्या नावावरची एफडी, मग ती कितीही मोठी असो, धरत नाहीत. मामाला खरंच मदत करायची असेल तर पैसे वेळेवर आईवडिलांच्या खात्यात येऊन तिथे राहिले पाहिजेत.

अमेरिकेत विद्यापीठ आय-20 नावाचा कागद देतं. त्यावर पहिल्या वर्षाचा खर्च आणि तो कुठून येणार हे छापलेलं असतं. खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो, ‘खर्च कोण करणार?’ वडिलांचा पगार, कर्जाचं मंजुरीपत्र, आजोबांच्या जमिनीच्या विक्रीचा दस्त, जे असेल ते सांगा. ते आय-20 शी जुळलं की प्रश्न मिटतो.

मोठी रक्कम अचानक जमा होणं हा काही गुन्हा नाही. एफडी मोडली, पीपीएफची मुदत संपली, गावची जमीन विकली, तर त्याचा कागद सोबत जोडा. आणि कर्ज काढलंय हे लपवायची मराठी माणसाला फार हौस असते. शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र हा चांगला पुरावा आहे, त्यात लाज कसली?

मुंबई नको, चेन्नई घ्या

यात अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या व्हिसासाठी भारतातल्या कुठल्याही वकिलातीत मुलाखत देता येते, आणि लवकरची तारीख मिळते म्हणून लोक हैदराबादला जातातही. पण गाव बदललं म्हणून कायदा बदलत नाही. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला तर तेवढीही मोकळीक नाही. महाराष्ट्र हा नरिमन पॉइंटच्या वकिलातीच्या हद्दीत येतो. चेन्नईला अर्ज करायचा तर तिथलं वास्तव्य दाखवावं लागेल. त्यासाठी खोटा भाडेकरार केलात, तर चांगल्या फायलीत एक खोटा कागद आपल्याच हाताने घातलात.

नकार लपवा

इथे मात्र मेसेज लिहिणाऱ्याचा राग येतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जावर, म्हणजे डीएस-160 फॉर्मवर, सरळ प्रश्न आहे: याआधी कधी अमेरिकी व्हिसा नाकारला गेला आहे का? ब्रिटन आणि कॅनडा तर कुठल्याही देशाने दिलेला नकार विचारतात. ‘नवा पासपोर्ट, नवी सुरुवात’ असं मेसेज म्हणतो. पासपोर्ट नवा असेल हो, बोटं तीच आहेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाच देश ठशांची माहिती आपसात पडताळतात. युरोपातल्या शेंगेन देशांची (जे एकाच सामाईक व्हिसावर चालतात) व्हिसाची सामाईक नोंदवही आहे आणि तिच्यात नकारही पाच वर्षं राहतात.

खोटं पकडलं गेलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ब्रिटन दहा वर्षं. अमेरिकेत खोटी माहिती देऊन व्हिसा मागणं हे कायमच्या अपात्रतेचं कारण आहे.

आणि लपवायचं काय, तर बहुतेक वेळा अमेरिकी कायद्याच्या 214(ब) कलमाखालचा नकार. त्या कलमाप्रमाणे अर्जदार स्थायिक व्हायलाच येतोय असं कायदा गृहीत धरतो, आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. त्या दिवशी पटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. परत अर्ज करता येतो. नेरुळच्या एका मुलीने ब्रिटनच्या फॉर्मवर अमेरिकेचा नकार तारखेसह लिहिला, नकाराच्या पत्राची प्रत जोडली, आणि सप्टेंबरमध्ये ती लीड्सला गेली.

देशसेवेचं भाषण

अमेरिकेच्या मुलाखतीत परत येण्याचा विषय निघतो, तो या 214(ब)मुळेच. पण तिथे वेळ मोजक्या मिनिटांचा, बोलणं काचेपलीकडच्या माणसाशी, उभ्याने. ‘हेच विद्यापीठ का?’ असा प्रश्न आला आणि मुलाने देशसेवेपासून सुरुवात केली, की पाठांतर लगेच कळतं. अभ्यासक्रमातले दोन विषय आणि ते का हवेत, एवढं स्वतःच्या शब्दांत आलं तरी पुरतं.

जर्मनीला हेच भाषण निरर्थक आहे. तिथे पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. त्यांना माणसं राहायला हवी आहेत. तुमच्या मुलाच्या पदव्या खऱ्या आहेत का, याची त्यांना जास्त काळजी असते. म्हणून तर नोव्हेंबर 2022 पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएसकडून, म्हणजे जर्मनीसाठी शैक्षणिक कागद पडताळणाऱ्या कार्यालयाकडून, गुणपत्रिका तपासून घ्याव्या लागतात.

मेसेजने खरी कामाची गोष्ट सांगितलेलीच नाही. बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत मोबाइल, बॅग, स्मार्टवॉच काही आत नेता येत नाही. कुर्ल्याला उतरून रिक्षाने एकटं जाणार असाल तर फोन कुणाकडे ठेवायचा हे घरूनच ठरवून निघा.

तिकीट

काढू नका. व्हिसा हातात येईपर्यंत प्रवासाचं पक्कं करू नका, हे अमेरिकी वकिलात स्वतःच सांगते.

जर्मनीचं फुकट अपील

हे होतं. नकार आला की वकिलातीलाच पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, फी न भरता. कित्येक एजंट त्याच भरवशावर अर्धवट फाइल पुढे सरकवायचे, ‘नंतर बघू’ म्हणून. जर्मनीने ही पद्धत 1 जुलै 2025 पासून जगभर बंद केली. आता दोनच वाटा उरल्या आहेत. एक, बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. तिथे निकाल लागेपर्यंत सेमिस्टर निघून जाईल. दुसरी, नवा अर्ज: पुन्हा 75 युरो, पुन्हा तारखेची वाट, पुन्हा सगळे कागद. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं, ते एजंटकडून ऐकू नका, स्वतः वाचा आणि पुढची फाइल त्या कारणापासून लावायला घ्या.