‘लेटेस्ट’ टॅगचा भरवसा नको

घरच्या सर्व्हरवरचे अपडेट आपोआप होऊ द्या, हा तुमच्या लेखातला सल्ला सरसकट पटला नाही. घरच्या नेक्स्टक्लाउडला (फोटो-फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं सॉफ्टवेअर) मी डॉकरचा, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनाचा, ‘लेटेस्ट’ टॅग लावला होता; आवृत्तीचा आकडा न देता ‘सगळ्यात नवी घे’ अशी ती खूण. वर्षभराने नवी इमेज (प्रोग्रॅमचं तयार पॅकेज) ओढली, तर कंटेनर (त्यातून चालणारा डबा) सुरूच होईना! नेक्स्टक्लाउडची मधली मेजर (मोठी) आवृत्ती गाळून पुढे जाता येत नाही, हे लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदी) वाचल्यावर कळलं. चूक माझीच. मग टॅग २९, ३०, ३१ असा एकेक पायरीने चढवला. पोस्टग्रेस या डेटाबेसचंही तेच, आवृत्ती १५चं डेटा फोल्डर १६ला जसंच्या तसं चालत नाही. आता बॅकअप घेताना आधी मेंटेनन्स मोड (वापर तात्पुरता बंद), मग डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत), डेटा आणि कॉन्फिग (सेटिंगची) फाइल, सगळं एकाच वेळचं. तो बॅकअप जुन्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्याशिवाय अपडेटला हात लावत नाही. बायकोचे फोटो त्यात आहेत, बाबांनो.