घर नसताना घरमालक व्हा

म्युनिकमध्ये स्वतःचं घर घ्यायला दोन जन्म लागतात. घरमालक व्हायला मात्र एक सेमिस्टर पुरतं. तुमच्या नावावर भाड्याचं कॉन्ट्रॅक्ट आहे ना? मग झालंच की. सप्टेंबर उजाडला की भारतातून पोरं उतरायला लागतात. हातात ॲडमिशन लेटर, दोन बोजड बॅगा आणि राहायला जागा नाही. त्यांना छप्पर हवंय, तुमच्याकडे ते आहे. तुमचंही नाही, पण एवढ्या बारकाव्यात कोण शिरतंय?

तेव्हा यंदा पहिल्यांदाच या धंद्यात उतरणाऱ्या सीनियर मंडळींसाठी थोडं मार्गदर्शन करावं म्हटलं. यातलं ज्ञान माझं नाही. मामेबहिणीला इथे ॲडमिशन मिळाली, तिच्यासाठी खोल्या बघत मी गार्शिंगपासून नॉयपेरलाखपर्यंत फिरले. ज्या थोर आत्म्यांनी दारं उघडली, सगळं श्रेय त्यांचं.

भाडं ठरवताना बाजारभाव बघू नका, समोरच्याचं ब्लॉक अकाउंट बघा. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि इथे आल्यावर महिन्याला ९९२ सुटतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात नेमके किती आहेत, हे सरकारनेच तुम्हाला सांगून ठेवलंय. एवढं सुख मंडईतल्या भाजीवाल्यालाही नाही. हा ९९२ चा आकडा बाफ्योग म्हणून जी सरकारी मदत जर्मन विद्यार्थ्यांना मिळते, तिच्या कमाल रकमेवरून आलाय आणि त्यात घरभाड्यासाठी धरलेत ३८०. म्युनिकमध्ये! जिथे २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरला डब्ल्यूजीतल्या, म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेल्या घरातल्या, एका खोलीचं सरासरी भाडं ७९० युरो निघालं होतं, मोझेस मेंडेल्सझोन इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने. हेल्थ इन्शुरन्सचे दीडशेच्या आसपास गेले की उरलेल्या पन्नास-साठ युरोत पोरीने महिनाभर जेवायचं, फोन चालवायचा, आणि आईला व्हिडिओ कॉलवर हसून दाखवायचं. तुम्ही ८५० सांगा. आधी काल्ट सांगा, म्हणजे नुसतं भाडं, होकार आला की मग वार्म सांगा, म्हणजे हीटिंग-पाण्याच्या खर्चासकट.

एका खोलीत किती गाद्या मावतात ते एकदा नीट मोजून घ्या. दार पूर्ण उघडायलाच हवं असं काही नाही, अर्धं उघडलं तरी माणूस आत जातो. हॉलमध्ये पडदा टांगला की आणखी एक खोली तयार. मी बघितलेल्या एका घरात तो पडदा हलू नये म्हणून खाली चपलांचा स्टँड टेकवला होता. पडद्याआड एक मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन लेक्चर ऐकत बसलेला, पायाशी दहा किलो तांदळाची पिशवी, डोक्यावर वाळत घातलेले मोजे. मला बघून तो उठून उभा राहिला. बसायला दुसरी जागाच नव्हती, त्याला वाटलं मी बसेन. त्याचे साडेचारशे.

मूळ घरमालकाला विचारायच्या भानगडीत पडू नका. पोटभाडेकरू ठेवायला त्याची परवानगी लागते हे खरं, पण विचारलं तर तो नाही म्हणेल, मग उगाच तुम्हाला वाईट वाटेल. बेलवर नाव नको, लेटरबॉक्सवर नको. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर जिन्यात भेटला तर पाहुणे आलेत म्हणायचं. पाहुणे सहा-सहा महिने राहतात, आपली संस्कृतीच तशी आहे. आणि मालकाला कळून कॉन्ट्रॅक्ट गेलंच, तर रस्त्यावर कोण येतं? पडद्याआडचा. तुमची तोवर नोकरी लागलेली असते.

रुंडफुंकचे, म्हणजे टीव्ही-रेडिओच्या सक्तीच्या वर्गणीचे, महिन्याचे १८.३६ युरो एका घरामागे एकदाच भरायचे असतात, माणसामागे नाही. तुम्ही प्रत्येकाकडून पूर्ण घ्या.

पैसे रोख. पावती मागितली की दुखावल्यासारखा चेहरा करा.

आता आनमेल्डुंग. ही खरी दुभती गाय. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो, आणि त्या एका कागदावाचून टॅक्स आयडी नाही, टॅक्स आयडीवाचून मिनीजॉबचा, म्हणजे छोट्या अर्धवेळ कामाचा, पगार धड नाही, रेसिडेन्स परमिटचं गाडं तर हलतच नाही. म्हणून खोली द्या, पण आनमेल्डुंग नाही असं जाहिरातीतच लिहा. मग तोच कागद वेगळा विका. खोलीत एकजण राहील, पत्ता दुसऱ्याच्या नावावर लागेल, दोघांकडून पैसे. मला एकाने अगदी प्रेमाने सांगितलं, "ताई, तिला फक्त ॲड्रेस हवा असेल तर तेही होऊन जाईल, आपल्या मुलींना आपण नाही मदत करायची तर कोणी?" मदतीचा दर तीनशे होता. जिथे कुणी राहायला जाणारच नाही असा पत्ता नोंदणीसाठी देणं इथल्या नोंदणी कायद्याने मना आहे आणि दंडाची मर्यादा ५०,००० युरोपर्यंत जाते. पण तुम्ही घाबरू नका. ज्या पोरीने तीनशे दिलेत ती तक्रार करायला कुठे जाणार? तिचंही नाव त्याच कागदावर आहे.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे आब्लोझे.

ज्यांनी अजून हे केलं नसेल त्यांनी लगेच करावं, कारण यात भाड्यासारखी महिनोनमहिने वाट बघावी लागत नाही. खोली सोडताना तुमचं जुनं सामान पुढच्याच्या गळ्यात मारायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. मी गेल्या आठवड्यात गार्शिंगला जी खोली बघितली, तिची आब्लोझे होती १,८०० युरो. यादी मला व्हॉट्सॲपवर आली होती: बेड विथ मॅट्रेस, स्टडी टेबल, वॉर्डरोब, लॅम्प, "फुल्ली इक्विप्ड इंडियन किचन". प्रत्यक्षात बेड म्हणजे चार युरोपॅलेट, माल वाहायच्या लाकडी चौकटी, त्यातलीही एक तुटकी. गादीच्या मधोमध माणसाच्या आकाराचा खड्डा. मी हात फिरवून बघितला तर स्प्रिंग बोटाला लागली. टेबलाच्या एका पायाखाली सुपरमार्केटच्या जाहिरातीची घडी. वॉर्डरोबचं एक दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, "ते लावायचं राहिलंय फक्त." लॅम्पला बल्ब नव्हता. आणि फुल्ली इक्विप्ड इंडियन किचन म्हणजे एक कुकर. शिट्टी कुठे आहे विचारलं. शिट्टी हरवली होती!

मी म्हटलं, बाबा रे, याचे अठराशे कसे झाले? तर म्हणे, "ताई, मीपण एवढेच दिले होते." आणि त्याच्या आधीच्यानेही एवढेच दिले असणार. म्हणजे ही गादी गेली कित्येक वर्षं खोलीतच आहे, खड्डा दरवर्षी खोल होतोय आणि किंमत तीच. शेवटचा जो अडकेल त्याचं दिवाळं, बाकी सगळे हात झटकून मोकळे. मी म्हटलं सामान नको, तू घेऊन जा, खोली रिकामी दे. तर हसला. "सामानाशिवाय खोली नाही ना ताई. ग्रुपवर खूप जणांचे मेसेज आलेत. तुम्ही आज रात्रीपर्यंत सांगा, तिकडे वाटल्यास डायरेक्ट रुपयात पाठवले तरी चालतील, बाबांच्या अकाउंटला."

बाबांच्या अकाउंटला! म्हणजे घरी सगळ्यांना माहीत आहे, आणि कौतुकही असणार. आमचा मुलगा तिकडे जाऊन हुशार झालाय.

इथे मला तुम्हाला पुढची टिप द्यायची होती. डिपॉझिट कसं बुडवावं यावर माझ्याकडे बरंच होतं: भिंतीवरच्या खिळ्याचे ऐंशी, खिडकीच्या कोपऱ्यातल्या बुरशीचे दोनशे, तीच बुरशी जी आधीपासून होती. पण आता ते मजेने लिहिवत नाहीये.

कारण यात मजेचं काहीही नाही. हा धंदा आहे आणि घाणेरडा धंदा आहे. घर सोडण्याबद्दल नव्या भाडेकरूकडून पैसे उकळणं इथल्या घरदलालीच्या कायद्यातल्या कलम ४अ ने बाद ठरवलंय. सामानाचे पैसे घेता येतात, पण किंमत आणि सामान यांच्यात उघडउघड तफावत असेल तर वरची रक्कम बेकायदा. खऱ्या किमतीच्या दीडपटीच्या वर गेलं की कोर्टं साधारणपणे तसं धरतात. दिलेले जादा पैसे परत मागता येतात. शिट्टी नसलेल्या कुकरची खरी किंमत काढायला कोर्टाची गरज पडू नये.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. मार्केटच असं आहे. आहे ना, मान्य. विद्यार्थ्यांची हॉस्टेलं चालवणाऱ्या श्टुडेंटेनवेर्कच्या यादीत नाव घालून लोकांचं शिक्षण संपतं तरी नंबर लागत नाही. फ्राइमानच्या श्टुडेंटेनश्टाटमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या विद्यार्थी वसाहतीत, कितीतरी खोल्या दुरुस्तीची वाट बघत वर्षानुवर्षं रिकाम्या पडून राहिल्या आणि त्याच शहरात पोरं सोफ्यावर झोपली. कालच विमानातून उतरलेल्या मुलीकडे घरमालक शुफा, म्हणजे उधारी-बिलं वेळेवर फेडल्याचा दाखला, मागतात आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. साठ मेसेज पाठवले की दोन उत्तरं येतात, त्यातला एक लंडनला असतो आणि चावी कुरिअरने पाठवणार असतो. हे सगळं खरं आहे. पण यातलं काहीही त्या मुलीने केलेलं नाही, आणि तिच्याकडून अठराशे घेऊन यातलं काहीही सुधारणार नाही.

"आम्हीही भोगलंय" हे तर ऐकवूच नका. कॉलेजच्या हॉस्टेलवर रॅगिंग करणारेही हेच म्हणायचे. तू आलास तेव्हा स्टेशनवर घ्यायला कोणी आलं नाही, पहिला आठवडा दहा जणांच्या डॉर्ममध्ये बॅगेला पाय बांधून झोपलास, कोणीतरी तुझे पैसे खाल्ले. वाईट झालं. ज्याने खाल्ले त्याच्याकडे जा ना मग! तो फ्रँकफर्टला आहे, तुझ्या लिंक्डइनला आहे, त्याच्या प्रमोशनला तू अभिनंदनही लिहितोस. त्याच्याकडे मागायची हिंमत नाही, म्हणून वीस-बावीस वर्षांच्या पोरीकडून वसूल करायचे, जिच्या वडिलांनी घर गहाण ठेवून लोन काढलंय आणि ज्यांना काल्ट-वार्म म्हणजे हवामान वाटतं.

जर्मन घरमालकाने नाव बघून फोन ठेवला की हाच माणूस रात्रभर रेसिझमवर स्टेटस टाकतो. तो फोन ठेवणारा निदान पैसे तरी घेत नाही.

आणि जे देताय, तुम्हालाही सांगते. मामा मला म्हणाले, "देऊन टाक गं, आपलाच मुलगा आहे, परक्या देशात ओळख असलेली बरी." ओळखीपायी अठराशे? डिपॉझिट महिन्याच्या काल्ट भाड्याच्या तिपटीच्या वर कोणी मागू शकत नाही आणि तेसुद्धा तीन महिन्यांच्या हप्त्यात देता येतं, हे कायद्यात लिहिलंय. सगळं बँकेतून द्या. सामानाची यादी किमतींसकट लिहून सही करून मागा. मूळ घरमालकाची पोटभाड्याची परवानगी कागदावर बघा. सही करण्याआधी आनमेल्डुंगचा कागद मिळणार का ते विचारा, आणि "बघू" म्हणाला की उठा. बहुतेक श्टुडेंटेनवेर्ककडे कायद्याचा सल्ला फुकट मिळतो, तिथे जायला लाजू नका. "कशाला कटकट" म्हणत गप्प बसता, म्हणून हे दरवर्षी चालतं.

मामेबहीण सध्या माझ्या बैठकीत झोपते. गार्शिंगच्या त्या खोलीत दुसरा कोणीतरी राहायला गेलाय, त्या गादीसकट. दोन वर्षांनी तोही ग्रुपवर यादी टाकेल.

आणि तू, हो, तूच, माझा नंबर अजून तुझ्याकडे आहे, हे वाचशीलच. त्या मुलाला पैसे परत कर. सगळे नको, सामानाचे जे काय शे-सव्वाशे होत असतील ते ठेव. आणि पुढच्या वेळी असली जाहिरात टाकताना खाली "जय महाराष्ट्र" लिहू नकोस.