सूर्योदयासाठी धारेवर तंबू लावू नका

संध्याकाळी सहाला तंबू उभा राहिला तेव्हा घड्याळातली उंची मी पाहून ठेवली होती. नऊला पुन्हा पाहिलं तर ४० मीटर जास्त. आम्ही तर जागचे हललो नव्हतो. माझं घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढतं. दाब उतरला की त्याला वाटतं, आपण वर चढलो. साधारण ८-९ मीटरला एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) धरा, म्हणजे तीन तासांत दाब साडेचार-पाच हेक्टोपास्कलने घसरला होता. एवढ्या घाईने दाब उतरतो तेव्हा हवा बिघडणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. पण डोक्यावर चांदण्यांचा खच होता, वारा नावापुरता होता आणि दिवसभर धारेवरून, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या अरुंद कण्यावरून, चालून पाय बोलत होते. मी आकडा सोबत्यांना दाखवला, सगळ्यांनी मान डोलावली आणि आम्ही चौघंही झोपलो.

दीडला जाग आली ती कापडाच्या फडफडाटाने. वारा पूर्ण फिरला होता. आम्ही तंबू लावला होता तो संध्याकाळच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन, आता तोच वारा बरोब्बर आडवा येत होता. तंबूची भिंत थपडा मारल्यासारखी तोंडावर येत होती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे वाचलेलं होतं. त्या रात्री ते अंगावर आलं. थोड्या वेळाने एक पोल मोडला आणि त्याचं टोक बाहेरचं कापड फाडत गेलं. मग पाऊस, तोही आडवा. लांब वीज चमकली तेव्हा मी मोजायला लागलो. गडगडाट २१ सेकंदांनी आला. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे सात किलोमीटर. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की उघड्या धारेवर थांबायचंच नसतं. आम्ही सामान कोंबलं आणि उतरायला लागलो.

एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला सुट्या दगडमातीचा घसारा आणि मधे ढग. डोक्यावरचा टॉर्च धुक्यात उपयोगाचा नसतो, सगळा उजेड परत डोळ्यांवर येतो. समोर पांढरी भिंत दिसते आणि स्वतःचा बूटही दिसत नाही. शेवटी टॉर्च हातात घेऊन कमरेच्या खाली धरले, तेव्हा दगड दिसायला लागले. दिवसा पंधरा-वीस मिनिटांत उतरलो असतो एवढ्या अंतराला पावणेदोन तास लागले.

आमच्यातला एकजण मधेच गप्प झाला. एरवी सगळ्यात जास्त बोलणारा. सॅकचा पट्टा लावताना तीनदा हातातून सुटला, विचारलं तर 'काही नाही' म्हणाला, पण शब्द जड येत होते. गारठा शरीरात उतरतो तेव्हा हीच लक्षणं असतात. थरथर, अडखळतं बोलणं, हातून वस्तू पडणं, पाय लटपटणं. ऊब मिळालेली नसतानाच थरथर थांबली, तर प्रकरण गंभीर असतं. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला त्याचे ओले कपडे काढले, कोरडे घातले, त्याच्याखाली दोन मॅट टाकल्या (खालून जाणारी ऊब लोक विसरतात), स्लीपिंग बॅगेत घातलं आणि गरम गोड पाणी थोडंथोडं पाजलं. अर्ध्या तासाने तो नीट बोलला. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

म्हणून मला आता ठामपणे वाटतं की धारेवर चालावं, पण मुक्काम धारेवर करू नये. तंबूच्या दारातून उगवता सूर्य दिसावा, या एका हट्टापायी आपण डोंगरातली सगळ्यात उघडी जागा निवडतो. धारेवरून जाताना वारा वेग घेतो आणि वीज उंच टोकं शोधते. खिंड आडोशाची वाटते, पण वारा दोन उंचवट्यांमधून दाबला जाऊन तिथेच जास्त जोराने घुसतो. अगदी तळाची दरीही नको, कारण निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खाली साचते. उताराच्या मधल्या पट्ट्यात बरेचदा त्याहून उबदार असतं. वाऱ्यापासून आडोशाची बाजू, धारेपासून बऱ्यापैकी खाली, डोक्यावर सैल दगड नाहीत, जवळ घळ नाही अशी सपाटी शोधायची. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जिथे जरा विरळ होतात तिथे अशी जागा बहुधा सापडते. ती निघण्याआधीच नकाशावर हेरायची आणि धारेवरून खाली सुटणाऱ्या वाटाही तेव्हाच खुणा करून ठेवायच्या. अंधार पडल्यावर वरून वाट शोधणं काय असतं, ते आम्ही पाहिलं.

विजांच्या वेळी कपारीच्या तोंडाशी किंवा पुढे आलेल्या कातळाखाली दाटीने बसणंही धोक्याचं. जमिनीतून धावणारा प्रवाह अशा फटींवरून उडी मारतो. एकमेकांपासून अंतर ठेवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जायची नाही तोवर धारेवर परत चढायचं नाही.

'मग सूर्योदय?' असं मला कोणीतरी विचारणारच. पहाटे तासभर आधी उठा, हलकं सामान घेऊन धारेवर चढा, पाहून या. हवा बिघडलीच तर उठायचं नाही, एवढंच.

त्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही दोघं वर गेलो, राहिलेलं सामान आणायला. धुकं होतं, सूर्य कुठेच नव्हता. तंबूच्या जागी दोन खुंट्या अजून जमिनीत घट्ट होत्या आणि एका खुंटीला दोरीचा वीतभर तुकडा वाऱ्यावर ताठ उभा होता.