अठरा हिश्श्यांची तार

समुद्राखालची केबल कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. वर्सोव्याला केबल किनाऱ्यावर येतात, इंटरनेट चालतं, विषय संपतो. मला मात्र हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी पॅसिफिक केबलची, म्हणजे सरकारांनी मिळून पॅसिफिक महासागराखालून टाकलेल्या तारेची, गोष्ट सांगावीशी वाटते.

1870 च्या दशकापासून ऑस्ट्रेलियाची तार लंडनहून सुएझ, एडन, मुंबई, मद्रास, पिनांग, सिंगापूर, जावा असा प्रवास करत डार्विनला पोचायची. समुद्रातला बहुतेक मार्ग ब्रिटिश उद्योगपती जॉन पेंडर यांच्या कंपन्यांच्या ताब्यात. दुसरी वाटच नसल्यामुळे दर ते म्हणतील तो. 1890 च्या दशकात शब्दामागे 4 शिलिंग 9 पेन्स पडत. घरी कुणी वारल्याची बातमी कळवायची तरी माणसाने आधी शब्द मोजायचे!

कॅनडाचे रेल्वे इंजिनिअर सँडफोर्ड फ्लेमिंग वर्षानुवर्षं एकच सांगत राहिले: कॅनडातून ऑस्ट्रेलियाला पॅसिफिकखालून सरकारांनी मिळून स्वतःची केबल टाका. 1887 ला लंडनमध्ये वसाहतींच्या परिषदेत चर्चा झाली, 1894 ला ओटावात पुन्हा झाली. घोडं पुढे सरकेना. लंडनचं सरकार पेंडर यांना दुखवायला तयार नव्हतं. दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतीचा वेगळाच पेच होता. ॲडलेडपासून डार्विनपर्यंतची तारेची लाइन त्यांनी वाळवंटातून स्वतःच्या खर्चाने 1872 मध्ये पुरी केली होती. नवी केबल झाली की त्या लाइनचं उत्पन्न बुडणार. त्यांचा विरोध मला स्वार्थी वाटत नाही. एवढा पैसा ओतलेल्या कुणीही तेच केलं असतं.

1899 मध्ये लंडनने आधी फक्त मर्यादित अनुदान देऊ केलं. वसाहतींनी आरडाओरडा केल्यावर भागीदारी मान्य झाली. खर्चाचे अठरा भाग केले: ब्रिटन 5, कॅनडा 5, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड या वसाहती प्रत्येकी 2. सह्या होतात न होतात तोच पेंडर गटाच्या कंपनीने दर उतरवायची लालूच दाखवून एकेका वसाहतीला फोडायला सुरुवात केली. खुद्द भागीदार असलेल्या न्यू साउथ वेल्सनेही 1901 मध्ये तिला सवलती दिल्या. कॅनडात त्यावरून संताप उसळला, आणि तो रास्तच होता.

तरीही केबल झाली. व्हँकुव्हर बेटावरच्या बॅमफील्डहून फॅनिंग बेट, फिजी, नॉरफोक, आणि तिथून एक फाटा क्वीन्सलँडला, दुसरा न्यूझीलंडला. 31 ऑक्टोबर 1902 ला काम पुरं झालं. बॅमफील्ड ते फॅनिंग हा एकच टप्पा जवळजवळ साडेतीन हजार सागरी मैलांचा, तेव्हा जगात सर्वांत लांब. खर्च सुमारे 20 लाख पौंड. तोपर्यंत कंपनीचा दर 3 शिलिंगांवर उतरला होता. सरकारी केबल येतेय म्हटल्यावरच हे झालं. बाजारात आपली स्वतःची एक वाट असली की काय होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या सगळ्या वाटाघाटींत हिंदुस्थान कुठे होता? ऑस्ट्रेलियाच्या तारा मुंबई-मद्रासवरून जात होत्या, तरी या टेबलावर हिंदी माणसाला खुर्ची नव्हती. पैसे द्यायच्या वेळी मात्र आठवण व्हायची. 1859 ची तांबड्या समुद्रातली केबल चटकन निकामी झाली, पण ब्रिटिश सरकारने ती टाकणाऱ्या कंपनीला भांडवलावर साडेचार टक्के परताव्याची हमी 50 वर्षांसाठी दिलेली. मेलेल्या तारेचे ते हप्ते विसाव्या शतकापर्यंत चालू राहिले आणि त्यातला वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेला. ऑस्ट्रेलियन वसाहतींना करार नाकारता येत होता, कारण त्यांची स्वतःची निवडून आलेली विधिमंडळं होती. आपल्या बाबतीत निर्णय लंडनने घ्यायचा आणि पैसा इथल्या रयतेने भरायचा. हे वाचून मला आजही चीड येते.

पुढे बीम वायरलेस, म्हणजे एकाच दिशेने झोत सोडून संदेश पाठवणारी बिनतारी यंत्रणा, आलं. आपल्याकडे त्याची केंद्रं 1927 मध्ये खडकी आणि दौंडला सुरू झाली. या स्वस्त बिनतारी सेवेपुढे केबलचं उत्पन्न घसरलं. 1928 च्या लंडन परिषदेनंतर केबल आणि बिनतारी सेवा सगळं एकत्र करून एका खासगी कंपनीच्या हवाली केलं, त्यात पॅसिफिक केबलही विकली गेली. हा निर्णय मला चुकीचाच वाटतो. ब्रिटनमधली बीम केंद्रं पोस्ट खात्याकडे होती, पॅसिफिक केबल सरकारांची होती. दोन्ही जोडून सार्वजनिक मालकीतच चालवता आली असती. त्याऐवजी, ज्या पेंडर गटाची मक्तेदारी मोडायला ती केबल टाकली, त्याच्याच वारसांच्या हाती ती गेली.