मिसळीच्या वाढलेल्या १५ रुपयांबद्दल

नमस्कार.

तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत, "९० ची मिसळ १०५ झाली, वर जीएसटी, बिल ११०. काउंटरवर पाटी काय, तर कामगारांच्या पगारवाढीमुळे दर वाढवले आहेत. पगार मालकाने आपल्या नफ्यातून द्यावा, आमच्या खिशातून का? सप्टेंबरात जीएसटी उतरला तो कुठे गेला? आणि पाणी मागितलं की दहा मिनिटांनी येतं."

वाचून आधी राग आला, खोटं कशाला सांगू. रात्री गल्ला मोजून झाल्यावर तुम्हाला खोडून काढायचं म्हणून वही घेऊन बसलो. हिशेब मांडला, तर आमची पाटीच खोटी निघाली.

आमच्याकडं १४ जण कामाला आहेत. यंदा सरासरी १,८०० रुपये वाढवले. त्यातले थोडे सरकारी हिशेबाचे, कारण किमान वेतनावरचा विशेष भत्ता महागाईच्या आकड्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. बाकीचे द्यावेच लागतात. कट जमणारा माणूस पलीकडच्या हॉटेलवाल्यालाही हवाच असतो. महिन्याला झाले २५,२००, ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, मालकाचा सव्वातीन टक्के वाटा धरून २६,०१९. महिन्याला मिसळ जाते साधारण ७,८०० प्लेट. थाळी, चहा, भजी सगळं सोडून दिलं आणि पूर्ण पगारवाढ एकट्या मिसळीवर टाकली, तरी प्लेटमागं पडतात ३ रुपये ३४ पैसे. आणि पाटी सांगत होती पंधरा! 'पगारवाढ' लिहिलं की गिऱ्हाईक वाद घालत नाही, हे मला ठाऊक होतं. पोरांच्या नावावर माझं ओझं खपवलं. पाटी त्याच रात्री उतरवली.

मग बाकीचे कुठं गेले? गाळ्याचं भाडं नव्या करारात १२,००० ने वाढलं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६०. प्लेटमागं १ रुपया ८२ पैसे. हा १८ टक्के आम्हाला वजावटीत परत मिळत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये हॉटेलांचा कर ५ टक्क्यांवर आणला, तेव्हाच खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काढून घेतली. मोठ्या गॅस सिलिंडरवरचे १८ टक्केही तसेच आमच्याच अंगावर.

तेलाची गोष्ट जरा वेगळी आहे. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झालं. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. माझ्या भावाचं दीड एकर सोयाबीन असतं. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि त्याचा माल विकला गेला त्याच्या खालीच. पुढं मे २०२५ अखेर ते शुल्क १० टक्क्यांवर आणलं, पण आमच्या डब्याचा भाव चढताना जितक्या घाईनं चढला तितक्या घाईनं उतरला नाही. कटावर जी तर्री तरंगते ना, त्यात थोडं आयातशुल्कही असतं. तेल, गॅस, मटकी, फरसाण मिळून प्लेटला सहा रुपये धरा.

बेरीज सव्वाअकरा रुपयांच्या आतच राहते. वरचे पावणेचार माझे.

आता जीएसटी. गेल्या वर्षापर्यंत आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत होतो. त्यात ५ टक्के मालकानं भरायचे, बिलात वेगळे लावायचे नाहीत. म्हणजे ९० मधले साडेचार सरकारला जायचे, तुम्हाला दिसायचे नाहीत एवढंच. उलाढाल दीड कोटीच्या वर गेली आणि ती सोय संपली. तेव्हा कार्डावरचा भाव थोडा उतरवून वर ५ टक्के लावायला हवे होते. मी भाव तोच ठेवला आणि कर वर लावला. जो कर माझ्या गल्ल्यातून जायचा, तो रातोरात तुमच्या खिशातून जायला लागला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जो जीएसटी उतरला तो लोणी, तूप, बंद पाकिटातलं पनीर अशा गोष्टींवर. हॉटेलच्या बिलावर आधीही ५ होते, आताही ५ आहेत. मिसळीत लोणी-पनीर नसतं, फरसाण आम्ही सुटं घेतो. पनीरच्या भाजीचे मात्र तेव्हाच १० रुपये कमी केले होते.

'मालकानं नफ्यातून द्यावं' यावर एक सांगतो. थाळीवर मी तेच करतोय, पण मनाच्या मोठेपणानं नव्हे. थाळी १४० ची १६० केली, तर पंधरवड्यात दुपारचे बँकेतले लोक आणि कॉलेजची पोरं निम्म्यावर आली. समोर दोन खानावळी आहेत. निमूट १५० वर आलो, तुटीचा भाग मी सोसतो. मिसळीला मात्र रविवारी तुम्ही रांगेत उभे राहता, म्हणून तिथं तुमच्यावर ढकलता आलं. गाळामालकावर काही ढकलायची तर मला सोयच नाही. बारा वर्षं गिऱ्हाईकाला हाच कोपरा माहीत आहे आणि ते मालकालाही माहीत आहे.

पाण्याची तक्रार शंभर टक्के खरी. पगार वाढवल्यावर एक पोरगा गावाकडं गेला, त्याच्या जागी मी कुणी घेतला नाही. पंधरा जणांचं काम चौदा जण करतायत. थोडा भार त्यांच्या पायांवर पडला, थोडा तुमच्या दहा मिनिटांवर. हा खर्च कुठल्याच बिलात येत नाही, म्हणून माझ्याही लक्षात आला नव्हता.

सोमवारची सुट्टी झाली की मंगळवारपासून मिसळ १००, कर धरून १०५. जादा ब्रेडचे पैसे राहतील, त्यात मला काही सुटत नाही. प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग ठेवलाय. पंधरावा माणूस हवाच आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर पाठवा, पगार किमान वेतनाच्या वर आहे आणि दोन वेळचं जेवण इथंच.