‘नागपूरच्या उन्हाळ्यात एआयओशिवाय ओव्हरक्लॉक नको’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार, आणि म्हणून उत्तरही सविस्तरच देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याबद्दलच्या (म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याबद्दलच्या) लेखात मी दोन टॉवरचा हीटसिंक (फॅन लावलेला धातूच्या पात्यांचा कूलर) आणि डीडीआर५-६००० सीएल३० रॅमची (६००० हा वेग, सीएल३० म्हणजे उत्तर द्यायला लागणारे क्लॉक) १६ जीबीच्या दोन स्टिकची किट सुचवली होती. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मे महिन्यातल्या नागपुरात ३६० मिलिमीटर रेडिएटरच्या एआयओशिवाय (पाण्यावर चालणाऱ्या तयार कूलरशिवाय) ओव्हरक्लॉकिंगचा सल्ला देणं बेजबाबदारपणा आहे, रॅम ७२०० ची सांगायला हवी होती, आणि बोर्डावर चार स्लॉट असताना "दोन आत्ता, दोन नंतर" हे सांगितलं असतं तर गरीब पोरांचे पैसे वाचले असते.

उन्हाळ्याची काळजी खरी आहे. बाहेर ४४-४५ असताना दुपारी बंद खोलीत ३८-४० सहज होतं आणि संध्याकाळीही भिंती गरमच असतात. पण एआयओसुद्धा शेवटी हवेवरच थंड होतो ना. त्यातलं पाणी सीपीयूची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं एवढंच, तिथून पुढे तिला तुमच्या खोलीतलीच हवा लागते. खोली २५ ची ४० झाली की हीटसिंकवाल्याचं तापमान जसं पंधराएक अंशांनी वर सरकतं तसंच एआयओवाल्याचंही सरकतं, त्यात दोघांना वेगळा न्याय नाही.

आता प्रश्न उरतो की मुळात दोघांमध्ये फरक किती. ७७००एक्स स्टॉकमध्ये, म्हणजे काही न बदलता, जास्तीत जास्त १४२ वॅट घेतो, म्हणजे आकडा फार मोठा नाही, पण त्यातली बरीचशी उष्णता साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या एका चिपलेटमधून (कोर असलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातून) निघते आणि वरून एएमडीने जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर चालावेत म्हणून झाकण जाड ठेवलंय. अडचण तिथे आहे, चिपपासून झाकणापर्यंत. नळच बारीक असेल तर खाली हौद कितीही मोठा बांधा, पाणी तेवढंच येणार. म्हणून या प्रोसेसरवर चांगला ड्युअल टॉवर आणि ३६० चा एआयओ यांत काही अंशांचाच फरक पडतो, आणि एआयओच्या छोट्या बेंचमार्कमध्ये जो फरक जास्त दिसतो तो बराचसा पाणी तापायला वेळ लागतो म्हणून दिसतो, तासभर ब्लेंडर रेंडर लावून बघा, पाणी तापून स्थिर झालं की तो फरक आक्रसतो.

खरा फायदा कूलर बदलून होत नाही, तो कर्व्ह ऑप्टिमायझरने होतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीबीओ या एएमडीच्या ओव्हरक्लॉकिंग मेनूच्या आत निगेटिव्ह ऑफसेट द्यायचा, म्हणजे व्होल्टेज कमी करायचं, -१० पासून सुरुवात करून हळूहळू -२०, -२५ पर्यंत जायचं, आणि तापमानाची मर्यादा ९५ वरून ८५ वर आणायची. व्होल्टेज कमी झालं की त्याच वॅटमध्ये चिप जास्त क्लॉक धरते. याला "अंडरव्होल्टिंग आहे, ओव्हरक्लॉकिंग नाही" असं तुम्ही म्हणालात, पण रायझन ७००० वर ऑल-कोर क्लॉक हाताने लॉक करणाऱ्याचा सिंगल-कोर बूस्ट, म्हणजे एकाच कोरवर काम असताना मिळणारा जादा वेग, उलट हातचा जातो, त्यामुळे रोजच्या वापराच्या मशीनसाठी मी हेच सांगत राहणार. ९५ बघून घाबरायचंही कारण नाही, ७००० सीरिज त्या मर्यादेपर्यंत चालायलाच बनवलेली आहे, फक्त नागपुरात फॅनचा आवाज आणि केसमधली एकूण गरमी विचारात घेऊन मी ८५ ठेवतो.

७९५०एक्स असता, ज्याची विजेची मर्यादा (पीपीटी) २३० वॅट, किंवा इंटेलचा २५३ वॅटवाला आय९ असता तर मीही एआयओच म्हटलं असतं, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि तो प्रतिक्रियेत कुठेच आला नाही. कूलर आणि रॅम या दोन वेगवेगळ्या खरेद्या नाहीत, एकच आहे. टॉवर कूलरचा पुढचा फॅन रॅमच्या डोक्यावर किंवा अगदी शेजारी असतो, तो सीपीयूला हवा देता देता रॅमवरून आणि व्हीआरएमवरूनही (बोर्डावरच्या सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागावरूनही) हवा फिरवतो. एआयओ लावला की सॉकेटजवळ नुसता पंप बसतो आणि ती हवा बंद. वर रेडिएटर, खाली २०० वॅटचं आरटीएक्स ४०७० सारखं ग्राफिक्स कार्ड, आणि हल्लीच्या बऱ्याच कार्डांचा शेवटचा फॅन गरम हवा आरपार वर सोडतो, म्हणजे मधल्या रॅमला मिळते ती जीपीयूने तापवलेली हवा. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज रेग्युलेटर स्टिकवरच असतो, वर एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं तयार सेटिंग) लावल्यावर १.१ व्होल्टचे १.३५ किंवा १.४ होतात, त्यामुळे स्टिक स्वतःही बऱ्यापैकी तापते. सीपीयू गरम झाला तर तो क्लॉक कमी करून स्वतःला सांभाळतो. रॅम तसं काही करत नाही, ती गुपचूप चुकीचा बिट देते, मग कधी गेम बंद पडतो, कधी निळी स्क्रीन, कधी झिप फाइल उघडत नाही आणि माणूस विंडोजला शिव्या देत बसतो. "डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच की" असं बरेच जण म्हणतात, पण ते ऑन-डाय ईसीसी चिपच्या आतली एका बिटची चूक दुरुस्त करतं, स्टिकपासून सीपीयूपर्यंतच्या वाटेवर जे बिघडतं त्याला ते हातही लावत नाही.

रॅमचं टायमिंग (कुठल्या कामाला किती क्लॉक थांबायचं ते आकडे) हाताने कसणाऱ्यांनी तर इथे फारच जपायला हवं. रॅमचा प्रत्येक सेल म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यातला चार्ज गळत असतो म्हणून तो ठरावीक वेळाने रिफ्रेश करावा लागतो, आणि गरम झाला की गळती वाढते. ६००० वर टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर, क्लॉकमध्ये) ऑटोमध्ये ११,७०० च्या आसपास असतो. व्हिडिओ बघून पोरं तो सरळ ६५,५३५ करतात, लेटन्सी (डेटा मिळायला लागणारा वेळ) छान कमी होते, डिसेंबरात टेस्ट पास होते. मग एप्रिल उजाडतो. म्हणून माझा आग्रह असा की ओव्हरक्लॉक करायचा तेव्हा करा, पण पास-नापास उन्हाळ्यातल्या दुपारी ठरवा, आणि टेस्टमेम५ किंवा कारहू ही रॅम टेस्ट चालू असताना जीपीयूवरही लोड ठेवा, कारण नुसत्या रॅम टेस्टमध्ये कार्ड थंड असतं आणि स्टिकचं तापमान खोटं कमी दिसतं. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर प्रत्येक स्टिकचं तापमान दाखवतं, डीडीआर५ मध्ये सेन्सर असतोच. पन्नाशीच्या वर जात असेल तर टीआरईएफआय खाली आणा किंवा रॅमवर एक छोटा फॅन केबल टायने बांधा, दिसायला जरा वाईट दिसतो पण काम चोख करतो.

उंचीचाही विचार करायला लागतो. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ या कूलरखाली पुढच्या फॅनसकट रॅमला ३२ मिलिमीटर जागा मिळते. आरजीबी लाइटवाली ४४ मिलिमीटरची स्टिक लावली तर फॅन १२ मिलिमीटर वर सरकवावा लागतो, १६५ चा कूलर १७७ चा होतो आणि बहुतेक मिड टॉवर केसची काच लागत नाही. म्हणून जी.स्किलची फ्लेअर एक्स५ सारखी ३३ मिलिमीटरची साधी स्टिक मला आवडते, तिथे फॅन जेमतेम एक मिलिमीटर उचलला की काम होतं. लाइट नाहीत म्हणून ती स्वस्तातली, असं अजिबात नाही.

आता ७२०० ची रॅम. एएम५ सॉकेटवर (७७००एक्स त्यातलाच) ६००० ला रॅमचा क्लॉक ३००० (प्रत्येक क्लॉकला दोनदा डेटा जातो म्हणून निम्मा) आणि सीपीयूतल्या मेमरी कंट्रोलरचाही ३०००, दोघं बरोबरीने चालतात. ६४०० च्या पुढे बहुतेक चिप ही बरोबरी टिकवू शकत नाहीत, बोर्ड कंट्रोलरला अर्ध्यावर टाकतो, म्हणजे ७२०० ला कंट्रोलर १८०० वर. आणि ती जास्तीची बँडविड्थ मिळते का, तर तीही नाही. ७७००एक्सचा एकच चिपलेट, तो इन्फिनिटी फॅब्रिकच्या (चिपलेट आणि मेमरी कंट्रोलर जोडणाऱ्या वाटेच्या) प्रत्येक क्लॉकला ३२ बाइट वाचू शकतो, फॅब्रिक २००० वर धरला तर सेकंदाला ६४ जीबी. ६००० ची रॅमच ९६ जीबी द्यायला बसली आहे, तिथे ७२०० ची ११५ घेऊन ठेवायची कुठे? लेटन्सीचा हिशोब करा, ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ७२०० सीएल३४ म्हणजे ९.४, आणि अर्ध्यावर चालणारा कंट्रोलर हा फरक सहज खाऊन टाकतो. इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनवर किंवा ८७००जी सारख्या इनबिल्ट ग्राफिक्सवाल्या चिपवर ७२०० ला अर्थ आहे, इथे नाही.

चार स्टिकबद्दल मात्र मी अजिबात मागे हटणार नाही, कारण याच सल्ल्यामुळे पोरांचं नुकसान होतं. ७००० सीरिजमध्ये दोन स्टिकला एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार लावल्या की तो ३६०० वर येतो. काही जणांच्या चार स्टिक ६००० ला चालतात, पण ते नशीब, त्यावर बजेट बांधता येत नाही. शिवाय वर्षभराने तेच मॉडेल घेतलं तरी आत हायनिक्सच्या जागी दुसऱ्या कंपनीच्या चिप निघू शकतात. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे भडकलेत ते बघता "आता ३२, नंतर आणखी ३२" हा मोह मला समजतो, पण ६४ लागणारच असेल तर ३२ च्या दोन घ्या, नाहीतर १६ च्या दोनवर थांबा.

आणखी एक, तुम्ही स्क्रीनशॉटमध्ये एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारं व्होल्टेज) ऑटोवर ठेवलेलं दिसतंय. २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली, तेव्हा बायोस जुना असेल तर आधी अपडेट करा आणि ६००० साठी हाताने १.२ च्या आसपास ठेवून बघा, बहुतेक चिपना पुरतं. बदलानंतर पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगमध्ये (बोर्ड रॅमशी जुळवून घेत असताना) स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, घाबरून बटण दाबू नका.

तुमच्याकडे ३६० चा एआयओ आहेच, तर दुपारी दोनच्या सुमाराला रॅम टेस्ट आणि जीपीयू लोड एकत्र लावून दोन्ही स्टिकचं तापमान आणि खोलीचं तापमान इथेच टाका. कार्ड कुठलं आणि रेडिएटर वर लावलाय की पुढे, तेही सांगा.