दिवे घाटातला ड्रोन आणि बाळकूमची शालू

डॉक्युमेंटरी मालिकेतला परवाचा तो वारीवरचा भाग सगळ्यांनीच पाहिला होता, त्यामुळे ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर कुणी कुणाला काही समजावून सांगायच्या फंदात पडलं नाही. मकरंद आला तोच "काय फ्रेम होती यार" करत. ऐरोलीला आयटीत नोकरी, घरी 65 इंची टीव्ही आणि तोंडात दर दोन वाक्यांनी 'व्हिज्युअल लँग्वेज'. घाटाची वळणं, त्यावरून सरकणारी पांढरी रांग, वर ढग, मागे मृदंग. "आपल्याकडे असं कुणी करतच नाही," त्याने निकाल देऊन टाकला.

"करतात की. दर आषाढाला करतात," शालू म्हणाली. "आधी दिवे घाट आणि ड्रोन. मग रिंगणातला घोडा. मग सुरकुतलेली म्हातारी, डोळ्यांत पाणी. झाली वारी."

शालू बाळकूमची, नगरपालिकेच्या शाळेत आमच्याच वर्गात होती. ती आळंदी ते पंढरपूर चालून आलेली आहे. मकरंद दिवे घाटातून फक्त गाडीने गेलाय, तेही सासवडला कुणाच्या तरी लग्नाला.

"वरून बघितलं की सगळे सारखेच दिसतात रे," ती म्हणाली. "खाली पंगतीत बसलं की कळतं कोण कुठे बसलंय. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या, तेव्हा त्यांनी लिहून ठेवलंय. एकाच दिंडीत भजन एकत्र, पण ब्राह्मणांची जेवणं वेगळी, मराठ्यांची वेगळी. बाईंना ते रोज टोचत होतं. एवढे कॅमेरे जातात, एकालाही पंगत दिसत नाही?"

"आता कुठे तसं राहिलंय?" अप्पा म्हणाले.

"मग ते कसं गेलं ते दाखवा. कुठे गेलं, कुठे अजून चिकटून बसलंय, ते दाखवा. घोडा काय, तो दर वर्षी धावणारच आहे."

मी शालूच्या बाजूने आहे आणि ते लपवायचं मला कारण नाही. तिने मग मुक्कामाचं सांगितलं. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन पालं ठोकतो. मागून येणाऱ्यांचे तळवे भेगाळलेले, कुणी त्यात कोकम तेल भरतंय, कुणी टँकरपाशी कळशी घेऊन उभी आहे. स्वयंपाकाच्या बायका अंधारातच उठतात, भाकऱ्या थापता थापता हरिपाठ म्हणतात आणि मधेच "मीठ कुणी आणलं नाय का गं" म्हणून ओरडतात, की पुन्हा पुढचा अभंग. मला विचाराल तर धर्म रोजच्या जगण्यात कुठे असतो याचं उत्तर त्या मिठाच्या आरोळीपाशी आहे.

अप्पांचं दुखणं वेगळं. "बाहेरचे येतात आणि जटाच दाखवतात. 2017 ला त्या अमेरिकन चॅनेलवर तो लेखक रझा अस्लान अघोऱ्यांत जाऊन बसला, मेंदू काय खाल्ला! एवढा मोठा धर्म, आणि तुम्हाला सापडलं काय?"

अप्पा चिडले की त्यांचा आवाज कोपिनेश्वराच्या घंटेच्या वर जातो, पण या मुद्द्यात तथ्य आहे. वाराणसीत अघोर परंपरेतलाच एक आश्रम साठच्या दशकापासून कुष्ठरोग्यांची सेवा करतोय. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, हा त्यांच्या साधनेचाच भाग. लोकांच्या लक्षात मात्र कवटी राहिली.

"सगळे तसे नसतात," मकरंद सरसावला. "बीबीसीने 1977 मध्ये जगभरच्या धर्मांवर 13 भागांची मालिका केली होती. रोनाल्ड आयर. माणूस धर्मपंडित नव्हता, नाटकं बसवायचा. जगभर फिरून लोकांना साधे प्रश्न विचारत गेला. ती व्हिज्युअल लँग्वेज..."

"आली बघ!" नान्या ओरडला.

"लांब कशाला जातोस?" शालू म्हणाली. "आपला सोन्थायमर घे. हायडेलबर्गचा प्रोफेसर, पण मराठी शिकला, धनगरांबरोबर हिंडला, खंडोबा-बिरोबाच्या मागे आयुष्य घातलं. त्यानेही वारीवर फिल्म केलीच की. पण आधी वर्षानुवर्षं माणसांत बसला आणि मग कॅमेरा लावला. तुमचे हे आठवडाभरात येऊन जातात."

यावर सॅमी बोलला. सॅमी बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचा मराठी ज्यू. ठाण्याचं 1879 चं सिनेगॉग त्याच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर. त्याच्याकडे मागे एक टीम मलिदा हा त्यांचा घरगुती विधी शूट करायला आली होती. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. एलियाहू हन्नवी या प्रेषिताचं नाव घेऊन ताट मधोमध ठेवतात.

"पहिलं काम काय केलं, तर फ्रीजवर चादर टाकली," सॅमी म्हणाला. "मग कुकर हलवा, कॅलेंडर काढा. आईला म्हणाले, ती जुनी नऊवारी नेसा ना. आणि प्लीज थोडं हिब्रू बोला."

"मग?"

"आई म्हणाली, प्रार्थना हिब्रूत म्हणते, पण गाऱ्हाणं मराठीतच घालते. ते घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर पोहे खा आणि जा."

"पोहे खाल्ले?"

"दोन-दोन वाट्या!"

"आमच्या एकविरेचंही तेच," शालू म्हणाली. "चैत्रात आम्ही पालखीला कार्ल्याला जातो. मी पाहिलेल्या फिल्ममध्ये तिथल्या बौद्ध लेण्यातल्या दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी होत्या, खांबांवरचे दानलेख होते, फक्त दारातलं आईचं देऊळ गायब! एवढं देऊळ कॅमेऱ्यातून चुकवायला केवढी मेहनत लागली असेल. आमची माणसं पायऱ्या चढतात, आईची ओटी भरतात आणि त्याच पावली लेण्यात जाऊन उभी राहतात. त्यांना तिथे दोन धर्म, दोन तिकिटं असं काही वाटत नाही. हे कोण दाखवणार?"

"अगं, पण लेण्याचं तिकीट असतं," मकरंद म्हणाला.

इतक्या बोलण्यातून याने नेमकं तिकीट उचललं. कट्टा क्षणभर गप्प झाला आणि मग सगळे एकदमच त्याच्यावर तुटून पडले.

तेवढ्यात नान्याने 1987 काढलं. रविवारचं रामायण, चाळीत एकच टीव्ही आणि तो नान्याकडे. त्याची आई सेटला हार घालायची, उदबत्ती लावायची आणि सगळ्यांना चपला जिन्याखाली काढायला लावायची. "खरी डॉक्युमेंटरी तर आमच्या खोलीत झाली असती," तो म्हणाला. "टीव्हीवर काय चाललंय ते सोड. टीव्हीसमोर काय चाललंय ते!"

हे त्या संध्याकाळी नान्याच्या तोंडून निघालेलं एकमेव शहाणं वाक्य. पण अप्पांना त्यातून भलतंच आठवलं.

"आणि मला दाराबाहेर बसवायचास! अख्खा सेतू बांधून झाला, मला एक दगड दिसला नाही."

"तू पुढे बसलास की कुणालाच दिसायचं नाही, अप्पा. तेव्हापासूनच तुझा घेर..."

"वर्गणीचा हिशोब अजून दिलेला नाहीस तू. घेर काढतोय माझा!"

मंडळाची वर्गणी निघाली की विषय संपला, हा आमच्याकडचा जुना अनुभव. मकरंदने तरी नेट धरला. त्याचं म्हणणं असं की रोजच्या आयुष्यात धर्म आता उरलेलाच नाही, शहरात तर नाहीच. म्हणूनच कॅमेऱ्याला घाटात आणि कुंभात जावं लागतं. घरात दाखवण्यासारखं आहे काय?

शालूने त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग पर्स उचलता उचलता विचारलं, "बरं, उद्या संकष्टी ना? चंद्रोदय कितीला आहे रे?"

"नऊ सत्तावन्न," मकरंद म्हणाला.

मोबाइल खिशातच होता.

"मेघनाला लागतं म्हणून लक्षात असतं," तो सांगत राहिला, पण ऐकतंय कोण! सॅमीने नान्याच्या पाठीवर थाप मारली, नान्याचा चहा अप्पांच्या पँटवर सांडला, आणि अप्पा हसू आवरत ओरडले, "हे पण वर्गणीत धर!"